इंजिनात पाणी: आधी वाट शोधा, मग पाना घ्या

डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं की नवखा बोटवाला ऑइल आणि फिल्टर बदलतो आणि पहाटे बोट घेऊन निघतो. दोन-चार फेऱ्यांत ऑइल पुन्हा तसंच. मग बंदरावरचा कोणीतरी सांगतो, ‘हेड गॅस्केट गेलं.’ हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरतं, त्याखाली नवं गॅस्केट पडतं आणि ऑइल तिसऱ्यांदा दुधाळ होतं. कारण पाणी हेडमधून येतच नव्हतं, वॉटर पंपाच्या झिजलेल्या सीलमधून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या ऑइलच्या भांड्यात, उतरत होतं. इंजिनात पाणी शिरायच्या वाटा मोजक्या आहेत. त्या एकेक करून तपासायच्या, बिनखर्चाची आधी आणि खर्चाची शेवटी, एवढंच या कामाचं शास्त्र.

हर्णै, मिरकरवाडा, देवगडसारख्या बंदरात जुना लहान ट्रॉलर घेतलेल्यांना आणि मालवण-तारकर्लीकडे पर्यटकांसाठी आउटबोर्डवर, म्हणजे मागे बाहेर टांगलेल्या इंजिनावर, होडी चालवणाऱ्यांना, दोघांनाही उपयोगी पडेल असं लिहितोय. ट्रॉलरवाल्यांनी आउटबोर्डचा भाग सोडला तरी चालेल, फक्त त्यातला शेवटचा, डिझेल इंजिन बुडाल्याचा परिच्छेद वाचा.

किल्लीला हात लावण्याआधी

पाणी दाबलं जात नाही, आणि सगळी मोडतोड यातूनच होते. एक लिटरच्या डिझेल सिलिंडरचं कॉम्प्रेशन १७ ला १ असेल, तर पिस्टन अगदी वर आल्यावर त्याच्या डोक्यावर जेमतेम ६० मिलिलिटर जागा उरते, म्हणजे एका कटिंग चहाएवढी. त्याहून जास्त पाणी आत असताना तुम्ही सेल्फ मारलात तर पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेल्या रॉडवर इंजिन कधी कधी चालूही होतं. मग काही दिवसांनी भर समुद्रात तोच रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर येतो. म्हणून बोट बरेच दिवस उभी असेल, सेल्फ मारल्यावर ‘टक्’ आवाज येऊन इंजिन जागीच अडकलं असेल, किंवा ऑइलची पातळी न भरता वाढली असेल, तर किल्ली काढून खिशात ठेवा आणि बॅटरीचा मेन स्विच बंद करा. आता हे क्रमानं करा.

१. डिपस्टिक काढा. रंग नंतर, आधी पातळी बघा. पातळी वाढली असेल तर ऑइलमध्ये पाणी तरी आहे नाहीतर डिझेल. डिझेल मिसळलेलं ऑइल पातळ होतं, बोटांवर धरत नाही आणि वासावरून कळतं. पाणी मिसळलेलं ऑइल दुधाळ आणि चिकट होतं.

२. डिपस्टिक स्वच्छ दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. बोट रात्रभर उभी असेल तर पाणी चेंबरच्या तळाशी बसतं आणि डिपस्टिकचं टोक तिथपर्यंत पोचत नाही. चेंबरचा ड्रेन बोल्ट अगदी थोडा सैल करा आणि पहिले थेंब पारदर्शक बाटलीत धरा. ऑइल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे पाणी असेल तर ते आधी बाहेर येतं. लहान बोटीत चेंबरखाली हात जायला जागा नसते. तिथे डिपस्टिकच्या नळीतून तळापर्यंत बारीक नळी सोडून हातपंपानं थोडं ओढून घ्या.

३. कूलंटच्या, म्हणजे इंजिनात आतल्या आत फिरून ते थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडा. पातळी कमी झालीय की वाढलीय, वर ऑइलचा तवंग आहे का, हे बघून लिहून ठेवा.

४. इंजिन हातानं फिरवा. क्रँकच्या पुलीच्या नटला पाना लावून पूर्ण दोन फेरे. फोर स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत प्रत्येक पिस्टन एकदा तरी कॉम्प्रेशनला येतो. कॉम्प्रेशनचा दाब स्पंजासारखा हळूहळू सुटतो, पण पाणी असेल तर पाना भिंतीवर आपटल्यासारखा थांबतो. थांबला की जोर लावू नका, कोणी पाइप घालून पाना लांब करायला सुचवलं तर अजिबात नको.

५. पाना अडला तर सगळे नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग, काढा, इंजिनावर कपडा टाका, तोंड बाजूला ठेवा आणि पुन्हा हातानं फिरवा. कुठल्या भोकातून पाणी आलं त्या सिलिंडरचा नंबर खडूनं लिहून ठेवा. एकाच सिलिंडरमध्ये पाणी असेल तर संशय गॅस्केटवर किंवा लाइनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळकांड्यावर. सगळ्यांत किंवा सायलेन्सरच्या बाजूच्या दोघांत असेल तर पाणी बहुधा एक्झॉस्टमधून आलंय.

ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पावसाळी हवेत थोडी पांढरट साय धरते, आणि डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असतं. हा बिघाड नाही. मालवण जेटी ते सिंधुदुर्ग किल्ला अशा छोट्या फेऱ्या मारणाऱ्या बोटींचं इंजिन नीट तापतच नाही, आतली वाफ बाहेर पडत नाही आणि झाकणाला लागून राहते. अधूनमधून अर्धा-पाऊण तास इंजिन लोडवर चालवलं की ती जाते. या सायीपायी हेड उतरवणारे लोक आहेत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

गोडं की खारं

बाटलीत उतरलेलं पाणी घरी आणा आणि निथळू द्या. वरचं ऑइल काढून खालचे चार चमचे पाणी जुन्या स्टीलच्या ताटलीत उन्हात सुकवा. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, त्यामुळे पांढरी खपली स्पष्ट दिसते. खपली आली तर पाणी समुद्राचं: रॉ वॉटर पंप (समुद्राचं पाणी ओढणारा), हीट एक्स्चेंजर (त्या पाण्यानं कूलंट थंड करणारा), ऑइल कूलर, एक्झॉस्ट किंवा बोटीच्या तळातलं पाणी. रंगीत, चिकट डाग राहिला तर कूलंट: गॅस्केट, लाइनर, हेडची चीर. काहीच उरलं नाही तर पावसाचं किंवा बाष्पाचं. चाखून बघायचं नाही, कूलंट विषारी असतं.

ऑइल नुसतंच गढूळ आहे आणि पाणी वेगळं होत नाहीये, अशा वेळी तवा चाचणी करा. तवा चांगला तापवून त्यावर ऑइलचे दोन थेंब टाका. पाणी असेल तर तडतडतं, नसेल तर नुसतं धुरकटतं. हे घरी, उघड्यावर आणि चष्मा लावून करायचं. बोटीत किंवा डिझेलच्या कॅनजवळ कधीच नाही.

एक्झॉस्टची वाट

आपल्याकडे या वाटेकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, आणि इंजिन अडकण्यामागे तीच अनेकदा असते.

अनेक ट्रॉलरवर धुराचा पाइप केबिनमधून सरळ वर जातो. त्यात समुद्राचं पाणी येत नाही, पण कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उघडा पाइप तो थेट मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या भागात, पोचवतो. पाइपावर झडप बसवा, नाहीतर बोट उभी असताना डबा उलटा घालून बांधा. मॅनिफोल्डच्या सगळ्यात खालच्या जागी ड्रेन प्लग असेल तर पावसाळ्यानंतर पहिल्यांदा तो उघडायचा.

वेट एक्झॉस्ट, म्हणजे धुरात समुद्राचं पाणी सोडून बाहेर टाकणारी पद्धत, यात धोके जास्त. पाणी मिसळतं तो कोपरा पाण्याच्या पातळीपासून किमान ३० सेंटिमीटर वर हवा, आणि ही पातळी बोट रिकामी असतानाची नव्हे तर बर्फ, डिझेल आणि मासळी भरून बोट दबलेली असतानाची धरायची. कोपरा त्याहून खाली असेल तर पाण्याच्या नळीला वर वळसा देऊन त्यावर अँटी-सायफन व्हॉल्व्ह बसवावा लागतो. नाहीतर इंजिन बंद झाल्यावरही समुद्राचं पाणी सायफननं आत येत राहतं. हा व्हॉल्व्ह मिठानं चिकटतो. तो उघडून गोड्या पाण्यात धुणं दोन मिनिटांचं काम आहे आणि ते कोणीच करत नाही.

दुसरा धोका सेल्फ मारण्यातला. इंजिन चालू होत नाही म्हणून तुम्ही सेल्फ मारत राहता. प्रत्येक वेळी रॉ वॉटर पंप फिरतो आणि सायलेन्सरमध्ये पाणी टाकतो, पण ते बाहेर ढकलायला धूर नसतो. सायलेन्सर भरला की पाणी उलटं व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये जातं. दोन-तीन प्रयत्नांत इंजिन लागलं नाही तर तळाचा पाण्याचा कॉक बंद करा, सायलेन्सरचा ड्रेन उघडा, आणि डिझेलमधली हवा काढा किंवा बॅटरी बघा. इंजिन लागलं की लगेच कॉक उघडायचा. हे विसरू नये म्हणून कॉक बंद करताना किल्लीला चिंधी बांधा.

तिसरा आपल्या खाड्यांचा. दाभोळ, जयगड, विजयदुर्गच्या खाडीत ओहोटीला बोट चिखलावर टेकते आणि एका कुशीवर कलते. एक्झॉस्टचं तोंड खालच्या बाजूला आलं असेल आणि भरती चढायला लागली, तर बोट उचलली जाण्याआधी पाणी तोंडापर्यंत पोचतं. बोट टेकणारच असेल तर ती कुठल्या कुशीवर कलेल हे बघून नांगरा, किंवा तोंडाला लाकडी बूच मारा. बुचाला लांब लाल पट्टी हवी. बूच तसंच ठेवून इंजिन चालू केल्याचे प्रकार प्रत्येक बंदरात होतात.

पंप, कूलर, गॅस्केट

रॉ वॉटर पंपाला दोन सील असतात, एक पाण्याच्या बाजूला, एक ऑइलच्या. बऱ्याच पंपांना या दोघांच्या मध्ये, खालच्या अंगाला, एक बारीक भोक ठेवलेलं असतं. त्यातून पाणी ठिबकलं तर पाण्याचं सील गेलं, ऑइल ठिबकलं तर ऑइलचं. सील गेल्याची सूचना फुकटात मिळावी म्हणून ते भोक असतं. ते ‘गळतंय’ म्हणून एम-सील लावून बुजवलेले पंप मी बघितलेत. बुजवलं की पाण्याला एकच वाट उरते, चेंबरची. जुनी बोट घेतली असेल तर रंगाच्या थराखाली हे भोक मोकळं आहे का, ते तारेनं टोचून बघा. दुधाळ ऑइल आणि सुकवल्यावर मीठ, असं दोन्ही असेल तर माझा पहिला संशय या पंपावर, आणि त्याचं सील हेडच्या कामापुढे किरकोळ खर्चाचं.

ऑइल कूलर फुटला असेल तर ओळखायची खूण आहे. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्याच्या दाबापेक्षा जास्त असतो, म्हणून ऑइल पाण्यात जातं आणि तवंग दिसतो. इंजिन बंद झालं की ऑइलचा दाब शून्य होतो आणि मग पाणी ऑइलमध्ये येतं. पाण्यात तवंग आणि सकाळी चेंबरमध्ये पाणी, अशी जोडी सापडली तर कूलर उतरवा, दोन्ही टोकं बंद करून हवा भरा आणि बादलीत बुडवा, बुडबुडे कुठून येतात ते दिसतं. गिअर बॉक्सचं ऑइल दुधाळ आणि इंजिनाचं स्वच्छ असेल तर गिअरचा कूलर बघा, किंवा तळातलं पाणी.

गॅस्केटचा नंबर आता. इंजिन थंड असताना कूलंटचं झाकण उघडं ठेवून चालू करा. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे सोडा. सतत, लयीत बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरमधला वायू पाण्यात जातोय. हेड उतरवल्यावर ज्या पिस्टनचं डोकं वाफेनं धुतल्यासारखं स्वच्छ असेल, तिथे पाणी जात होतं. ओल्या लाइनरच्या, म्हणजे लाइनरला बाहेरून थेट कूलंट लागणाऱ्या, इंजिनात खालच्या रबर रिंगाही गळतात. चेंबर उतरवून कूलंटच्या टाकीवर हातपंपानं झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतका दाब द्या आणि खालून टॉर्चनं बघा. थेंब कुठल्या लाइनरच्या कडेनं पडतोय ते दिसेल. घाई करू नका, थेंब यायला कधी अर्धा तास लागतो.

गॅस्केट सहसा आपण होऊन जात नाही, इंजिन तापल्यामुळे जातं. आणि इंजिन तापतं इंपेलरची, म्हणजे रॉ वॉटर पंपातल्या रबरी चाकाची, पाती तुटल्यामुळे, गाळणीत प्लास्टिक अडकल्यामुळे, किंवा पावसात खाडीच्या गढूळ पाण्यातला गाळ एक्स्चेंजरच्या नळ्यांत बसल्यामुळे. इंपेलर दर हंगामाला नवा घाला. तुटलेल्या पात्याचे तुकडे मोजून बाहेर काढा, एक जरी आत राहिला तरी तो पुढच्या नळीत अडकतो. एक्स्चेंजरचं झिंक, म्हणजे त्यात बसवलेला जस्ताचा तुकडा, अर्धं झिजलं की बदला. झिंक झिजतंय म्हणजे ते काम करतंय, नळ्यांऐवजी स्वतः खलास होतंय. त्याला रंग लावू नका.

डिझेलमधून आणि तळातून

डिझेलमध्ये पाणी असेल तर इंजिन अडखळतं, पांढरा धूर टाकतं, मध्येच बंद पडतं, आणि पंप व नोझल गंजले की खर्च मोठा. वॉटर सेपरेटरचा, म्हणजे डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरचा, बाउल रोज सकाळी, इंजिन चालू करण्याआधी, रिकामा करा. रात्रभरात पाणी खाली बसलेलं असतं. संध्याकाळी दमून आल्यावर केलंत तर ते डिझेलमध्ये घुसळलेलंच असतं. टाकी अर्धी ठेवून बोट उभी करू नका, रिकाम्या जागेतलं बाष्प पाणी होऊन खाली उतरतं. डेकवरच्या झाकणाची रबर रिंग बघा. टाकीच्या हवेच्या नळीचं तोंड खाली आणि मागे वळलेलं हवं, नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, असेल तर लाट थेट आत जाते. पाणी आणि डिझेलच्या सीमेवर काळा बुळबुळीत थर वाढतो, तो फिल्टरमध्ये दिसला तर टाकी धुवायची वेळ झाली.

तळातलं पाणी फ्लायव्हीलला लागू देऊ नका. लागलं की फ्लायव्हील ते उडवतं, सेल्फ भिजतो आणि गिअर बॉक्सच्या हवेच्या भोकातून पाणी आत जातं. शाफ्टच्या ग्लँडमधून, म्हणजे शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथल्या पॅकिंगमधून, बोट चालू असताना मिनिटाला दोन-चार थेंब पडणं ठीक, धार लागली तर पॅकिंग बदला. नट आवळत बसलात तर शाफ्ट तापून झिजतो.

आउटबोर्ड समुद्रात पडलं तर

बाहेर काढल्याबरोबर गंज चढायला लागतो, कारण त्याला हवा लागते. म्हणून मेकॅनिक दुसऱ्या दिवशी येणार असेल तर इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात पूर्ण बुडवून ठेवा. ऐकायला विचित्र आहे, पण ओलं इंजिन किनाऱ्यावर वाळत ठेवण्यापेक्षा हे खूप बरं.

लगेच काम करता येत असेल तर वरचं कव्हर काढून गोड्या पाण्यानं धुवा. स्पार्क प्लग काढा, भोकं खाली येतील असं इंजिन आडवं करा आणि फ्लायव्हील हातानं फिरवून पाणी काढा. फिरवताना करकर लागली तर आत वाळू आहे, आणि अडलं तर चालू असताना पडून रॉड वाकला असू शकतो. दोन्ही वेळी तिथेच थांबा आणि इंजिन खोला. मोकळं फिरलं तर कार्बोरेटर आणि नळ्या रिकाम्या करा, टाकीतलं पेट्रोल वापरू नका. फोर स्ट्रोक असेल तर ऑइल बदला. सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडून फिरवा, प्लग लावा, चालू करा, तासभर मंद चालवा आणि ऑइल पुन्हा बदला. कनेक्टर गोड्या पाण्यानं धुऊन वाळवल्याशिवाय बॅटरी जोडायची नाही.

पेट्रोलबद्दल आणखी एक. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. ओलावा वाढला की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात, आणि नळी नेमकी तळातूनच ओढते. हंगाम संपताना टाकीत पेट्रोल ठेवू नका.

ट्रॉलरचं डिझेल इंजिन बुडालं असेल तर रीत तीच, मोठ्या प्रमाणात. नोझल काढून पाणी बाहेर काढा, चेंबर रिकामं करा, डिझेल आणि स्वस्त ऑइलचं मिश्रण भरून हातानं फिरवा, काढा, पुन्हा भरा. मग नवं ऑइल आणि फिल्टर, पंधरा मिनिटं मंद चालवून गरम असतानाच काढून टाका. ऑइल स्वच्छ येईपर्यंत, साधारण तीन वेळा. सेल्फ आणि अल्टरनेटर खोलून धुवावेच लागतात. कॉम्प्युटरवर चालणारं इंजिन असेल तर मेन स्विच लावू नका, कंपनीचा माणूस बोलवा. काढलेलं ऑइल कॅनमध्ये भरून ठेवा, खाडीत ओतू नका. मासळी तिथूनच येते.

बंदीचे दोन महिने

यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. इंजिन बिघडतं ते याच काळात, उभ्या उभ्या. बोट वर ओढण्याआधी इंजिन गरम करून जुनं ऑइल काढा आणि नवं भरा. जुन्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओलावा असतो, त्यात बेअरिंग दोन महिने भिजत ठेवू नका. समुद्राच्या पाण्याची बाजू गोड्या पाण्यानं धुवा, इंपेलर काढून ठेवा, डिझेलची टाकी भरा. एअर फिल्टरचं तोंड आणि एक्झॉस्ट ऑइल लावलेल्या कापडानं बंद करा आणि तशी चिठ्ठी किल्लीला बांधा. बॅटरी घरी न्या.

बोट शाकारताना झाप असो की ताडपत्री, दोन्ही टोकांना वारा खेळेल एवढी फट ठेवा. चारी बाजूंनी गच्च बांधलेल्या ताडपत्रीखाली इंजिनाला घाम येतो. या बाबतीत जुने झाप बरे होते. पंधरवड्यातून एकदा जाऊन क्रँक हातानं फिरवा आणि दर वेळी वेगळ्या जागी थांबवा.

नारळी पौर्णिमेआधी इंजिन चालू करताना सगळ्यांना घाई असते. कापड आणि बुचं काढा, चेंबरचा पहिला थेंब बाटलीत धरा, हातानं दोन फेरे द्या, मग स्टॉप ओढून धरून थोडा सेल्फ मारा, म्हणजे ऑइल वरपर्यंत चढेल. तळाचा कॉक उघडलाय ना, ते दुसऱ्या माणसाला बघायला लावा. पहिल्या फेरीला जाळी आणि बर्फ भरू नका. बंदराच्या तोंडापर्यंत जा, तासभर लोडवर चालवा, परत या. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन आणि गिअर, दोन्हींचं ऑइल बघून मगच पुढच्या फेरीचा बर्फ सांगा.